मालकंसात पंचम

आमच्या घरात गेले सहा महिने जेवताना, दारात चपला काढताना, अंघोळीला जाता जाता मला एकच प्रश्न विचारला जातो, "आलं का ऐकू?" परक्या माणसाला वाटावं, ह्यांच्या कानाचं ऑपरेशन झालेलं दिसतंय. तसं काही नाही. मी गाणं ऐकण्यासाठी यंत्रं आणली आहेत, एवढंच.

वास्तविक मी बँकेतला माणूस. दोन लाखांच्या कर्जासाठी दोन जामीनदार आणि तीन वर्षांची विवरणपत्रं मागणारा. पण आमच्या एका मित्राने (ह्याला आपण तज्ज्ञ म्हणू, तोही स्वतःला तेच म्हणतो) मला रविवारी चहाला बोलावलं, डोक्यावर एक हेडफोन चढवला आणि म्हणाला, "डोळे मीट. तबलजी कुठे बसलाय, दिसला?" मला दिसला नाही. पण "नाही" म्हणायची लाज वाटली म्हणून म्हटलं, "डावीकडे." तो म्हणाला, "बरोबर!" इथे माझा घात झाला. परीक्षेत अंदाजाने टाकलेलं उत्तर बरोबर आलं की माणसाला त्या विषयात गती आहे असं वाटू लागतं.

पुढच्या पंधरा दिवसांत घरात तीन वस्तू आल्या. पहिला, तीनशे ओहमचा हेडफोन. तो माझ्या फोनला लावला की भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी गात असल्यासारखं ऐकू यायचं. तज्ज्ञ म्हणाला, "अरे, फोनवर हा वाजवणं म्हणजे लुनावरून सोफा नेणं." म्हणून दुसरा, ॲम्प्लिफायर. आणि तिसरा, डॅक.

डॅक म्हणजे काय, हे मी घरात चार वेळा समजावून सांगितलं. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स ह्यांनी सीडी बाजारात आणली, तेव्हापासून गाण्याचे आकडे झाले. एका सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर उभा. हे आकडे वाचून त्यांचं परत गाणं करते ती ही डबी. आई म्हणाली, "म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरांचं अक्षर वाचून गोळ्या देणारा." ह्याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळं जोडलं. लॅपटॉपपासून डॅक, डॅकपासून ॲम्प, ॲम्पपासून मी. यमन लावला. पडद्यावर गाणं पुढे सरकतंय, डॅकवरचा निळा दिवा लागलाय, आणि कानात स्मशानशांतता. मी केबल काढून घातली. दुसरी केबल घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला, जो आपल्या देशातला सर्व यंत्रांवरचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय आहे. ॲम्पची बटणं फिरवून पाहिली. एक छोटी कळ होती, 'लो' आणि 'हाय'. ती 'हाय'वर केली. आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. दीड तास असा गेल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आई भाजी निवडत मान डोलवत बसली होती. म्हणाली, "काय छान लावलायस रे यमन. द्रुत आणखी एकदा लाव."

ओट्यावर डब्यांच्या मागे, दिवाळीत मुलाने तिला आणून दिलेला ब्लूटूथ स्पीकर होता. लॅपटॉपला आवाज बाहेर सोडायला आठ दारं आहेत आणि त्याने आपल्या मर्जीने स्वयंपाकघराचं दार निवडलं होतं. मी खोलीत परत आलो, हेडफोन चढवला, यादी उघडली, आणि मोठ्या ऐटीने डॅकच्या नावावर टिचकी मारली.

कळ 'हाय'वर होती आणि चाक शेवटाला, हे मी विसरलो होतो. तबलजी कुठे बसलाय ते मला त्या क्षणी दिसलं. तो माझ्या मेंदूत बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून उजवीकडून कमी ऐकू यायला लागलं. आता बँकेतल्या माणसाला गोंधळ चालतो, पण बिनपद्धतीचा गोंधळ चालत नाही. तज्ज्ञाने पद्धत शिकवली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दोष जिकडे जाईल तिकडे त्याच्या मागे जायचं. मी डॅकमागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. दोष यंत्रात असता तर तो डावीकडे गेला असता. गेला नाही. म्हणजे डॅक निर्दोष. मग ॲम्पच्या बाजूने तेच केलं. मधली केबल निर्दोष. हेडफोनच्या दोन्ही वायरी काढून उलट लावल्या. ॲम्प आणि वायरी निर्दोष. शेवटी हेडफोनच उलटा घातला, डावा उजवीकडे. तरीही उजवीकडे कमी. एकेक आरोपी असा पुराव्याअभावी सुटत गेला आणि खोलीत मी एकटाच उरलो.

कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतंय?"

म्हटलं, "डॉक्टर, हेडफोन उलटा घातला तरी उजवीकडेच कमी येतं."

"उलटा कशाला घातलात?"

"यंत्रात दोष नाही ना, हे बघायला."

त्यांनी दुर्बीण लावली, काहीतरी गुणगुणले, आणि मग पिचकारीने माझ्या उजव्या कानातून जे काही काढलं त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की ते कालच्या स्फोटाने आलेलं नव्हतं. त्यात काही वर्षांची बचत होती. स्फोटाने फक्त माझं लक्ष कानाकडे वळवलं. फी आठशे रुपये. आजवर ह्या छंदात मी केलेल्या खर्चांपैकी, ज्याने आवाजात निर्विवाद फरक पडला असा हा एकमेव.

पण मळ निघाल्याने पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर गाण्याच्या खालून चाललेली एक बारीक, चिवट घुंऽऽ. एखादा भुंगा खोलीत कोंडला जावा तशी. रात्री साडेदहाला मालकंस लावून बसलो होतो. सौ. विशारद आहे. खोलीतून जाता जाता तिने हेडफोनचा एक कान स्वतःकडे ओढला, क्षणभर ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, हा पंचम कोण देतंय?"

"कोणी नाही. वीज आहे ती."

"मालकंसात पंचम?"

वाचकांपैकी ज्यांना मालकंस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की ह्या रागात रिषभ आणि पंचम वर्ज्य आहेत. उपासाच्या ताटात बोंबील यावा तसा तो प्रकार. सौ. पेटी घेऊन बसली. गवई पांढरी एकात गात होते. तिने मंद्रातला पंचम, म्हणजे पांढरी पाच, धरून पाहिली आणि म्हणाली, "शिवाय तो चढा आहे." मी हिशोब केला. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे पन्नास हर्ट्झ, आणि तिची दुप्पट शंभर. पांढरी एकाचा सुरातला मंद्र पंचम साधारण ९८ वर पडतो. बाईंचा कान बरोबर होता.

न्यू जर्सीतल्या पुतण्याला ही गंमत फोनवर सांगितली तर तो म्हणाला, "काका, इकडे साठ हर्ट्झ." सौ.ने लगेच पेटीवर शोधलं. साठाची दुप्पट एकशेवीस, आणि ती बरोबर काळी पाच आणि पांढरी सात ह्यांच्या मधल्या फटीत जाते. "तिकडची वीज कुठल्याच सुरात नाही," ती म्हणाली. "कसा राहतो पोरगा."

आता घुं घालवणं आलं. प्रथम वायरमनला बोलावलं. त्याने बोर्डाचे स्क्रू उघडले, मीटर लावलं, आणि सर्व वायरमन जुनं काम पाहून म्हणतात तेच म्हणाला, "हे केलं कुणी?" मग निदान झालं. "साहेब, अर्थिंग सुकलंय. तुमच्या बिल्डिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे, त्याला ओल लागते. दोन बादल्या पाणी ओता."

दुसरा सोपा उपायही त्याने सुचवला. "नाहीतर प्लगची तिसरी पिन काढून टाकू. आवाज जाईल." आवाज जाईल हे खरं होतं. पण ॲम्पचं खोकं लोखंडी, आणि आत काही बिघडलं तर ती तिसरी पिन नसताना वीज जाणार कुठे, तर हेडफोन घातलेल्या माणसाकडे. सौ. म्हणाली, "'मालकंस ऐकता ऐकता गेले' असं छापून आलेलं मला चालणार नाही." म्हणून बादल्या.

मे महिना. सोसायटीत टँकर चालू. रात्री अकरा वाजता मी बादली घेऊन मीटरच्या खोलीमागे वाकलेलो असताना चेअरमनसाहेबांची बॅटरी माझ्या तोंडावर पडली.

"काय हो, झाड लावलंत की काय?"

"नाही. अर्थिंगला पाणी घालतोय."

"कशासाठी?"

"मालकंसासाठी."

पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर 'पाण्याचा अपव्यय' हा विषय आला, नाव न घेता. खड्ड्याला पाणी हवंच होतं, ते चांगलंच झालं. चेअरमनांच्या गिझरचा झटका त्यानंतर बंद झाला, हे त्यांनी सभेत सांगितलं नाही. माझी घुं मात्र तशीच.

ती शोधली आमच्या कामाच्या मावशींनी. झाडता झाडता त्यांच्या केरसुणीला लॅपटॉपच्या चार्जरची वायर अडकली आणि प्लग सुटला. त्याच क्षणी कानात अशी शांतता पसरली की मला वाटलं, पुन्हा मळ आला.

"दादा, वायर निघाली बघा. लावते हां."

"नको! मावशी, हात लावू नका! तशीच राहू द्या!"

मावशी केरसुणी टाकून दोन पावलं मागे सरकल्या. त्या दिवसापासून त्या माझी खोली लांबूनच झाडतात.

कारण नंतर समजलं आणि ते इतकं आपल्या मातीतलं निघालं की मला गहिवरून आलं. चार्जरला एक अर्थिंग, ॲम्पला दुसरं. जमीन एकच, सातबारा एकच, पण वाटा दोन. ह्या दोघांच्या मधून मी केबलचा बांध घातला. दोन वाटांत व्होल्टेजचा बारीकसा फरक होता, तो बांधावरून इकडून तिकडे वाहायला लागला आणि त्याची कुरबुर माझ्या कानात. म्हणजे ही भाऊबंदकीच. दोघांना एकाच बोर्डावर बसवलं तेव्हा कुरबुर कमी झाली, पण मिटली नाही, हेही भाऊबंदकीसारखंच. लॅपटॉप बॅटरीवर असला की त्याचा जमिनीवरचा हक्क संपतो आणि घुं गप्प. तज्ज्ञ म्हणाला, "मग ऑप्टिकल केबल घे. तिच्यातून फक्त उजेड जातो, वीज जातच नाही, तर भांडतील कशावर?" मी घेतली. घरी आल्यावर कळलं की माझ्या लॅपटॉपला ते भोक नाही. ती केबल आता मुलाच्या आकाशकंदिलात आहे. टोकाला छान लाल दिसते.

घुं गेल्यावर माणसाने गाणं ऐकावं की नाही? पण इथपर्यंत आलेल्या माणसाला गाणं ऐकण्यात रस उरलेला नसतो. त्याला आता तुलना करायची असते. तज्ज्ञ रोज विचारायचा, "पार्श्वभूमी काळी झाली का? दोन सुरांच्या मध्ये कुळकुळीत काळोख हवा." माझ्या डॅकची शांतता कागदावर एकशेवीस डेसिबलची होती. ती ऐकण्यासाठी मी पुण्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचो. पंखा गेल्यावर फ्रीज ऐकू आला. फ्रीज बंद केल्यावर आई ऐकू आली, "अरे, दूध नासेल!" शिवाय माझा हेडफोन मागून जाळीदार. त्यात माझं गाणं घरभर जातं आणि घरातल्या कुकरच्या शिट्ट्या माझ्याकडे येतात. शिट्ट्या मोजण्याचं काम आता माझ्याकडेच आहे.

मग म्हणे हेडफोन नवा आहे, दोनशे तास मुरू दे. मुरांब्याला उन्हात ठेवतात तसं. मी कपाटात हेडफोन ठेवून त्यात धबधब्यासारखा एक सपाट आवाज रात्रंदिवस सोडून दिला. तिसऱ्या दिवशी आईने, भिंतीत पाइप फुटलाय म्हणून प्लंबर बोलावला. त्याने मोरीच्या दोन फरशा काढल्या. हेडफोन मुरला की नाही ते मला सांगता येणार नाही, मी मुरलो.

आणि 'तबलजी कुठे बसलाय' हे तर मला कधीच दिसणार नव्हतं. माझा सगळा खजिना जुन्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणांचा, म्हणजे मोनो. मोनोत डावं-उजवं नसतंच. गवई, पेटीवाला, तबलजी आणि दोन्ही तानपुरे माझ्या कपाळाच्या बरोबर मध्ये, एकमेकांच्या मांडीवर. हाच मी दर डिसेंबरला सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर बसतो. शेजारचा थर्मासचं झाकण फिरवत असतो, मागचा कुणाला तरी "मी खांबाजवळ आहे" असं फोनवर सांगत असतो, आणि मी डोळे मिटून "क्या बात है" म्हणतो. तिथे पार्श्वभूमीचा रंग मी कधी पाहिलेला नाही.

तरी मी तज्ज्ञाच्या सांगण्यावरून आणखी एक, दुप्पट किमतीचा डॅक आठ दिवसांसाठी मागून आणला. तो मला उघडउघड चांगला वाटला. "किती भरीव," मी म्हटलं. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने दोन्हींच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावलं आणि म्हणाला, "बाबा, हा नवा नुसता थोडा मोठ्याने वाजतोय." आवाज जरासा मोठा असला की माणसाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो. आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव ह्याच तत्त्वावर पास होतात.

मुलाने दोन्हींचा आवाज सारखा केला आणि परीक्षा ठेवली. माझा डॅक, नवा डॅक, दोन्ही उलटसुलट, सोळा वेळा. सोळापैकी निदान बारा ओळखले तरच मानायचं, कारण त्याच्या खालचं नशिबानेही जमतं. माझ्या डोळ्यांवर पंचा. सौ. वही घेऊन. लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद.

मी हेडफोन सावरला, श्वास रोखला आणि म्हटलं, "हा नवा! काय काळोख आहे! अशी पार्श्वभूमी आजवर ऐकली नव्हती."

"बाबा, प्लग अजून लावायचाय."

त्यानंतर मी मत द्यायचं बंद केलं आणि नुसतं "एक", "दोन" म्हणत गेलो. सोळापैकी आठ बरोबर आले.

"पन्नास टक्के," सौ. म्हणाली. "म्हणजे सेकंड क्लास ना?"

"आई, नाणं उडवलं असतं तरी आठच आले असते."

आईलाही हेडफोन घालून दोन्ही ऐकवलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन्हीकडे तोच माणूस गातोय की."

जाता जाता मुलाने माझ्या कानांचीही परीक्षा घेतली. फोनवर एक शिट्टी लावून तो ती उंच उंच नेत गेला. डॅक वीस हजार हर्ट्झच्याही वर जातो. मी बारा हजारांवर "संपली का?" म्हणून विचारलं. ती संपली नव्हती. चोपन्नाव्या वर्षी वरचे आठ हजार कोणासाठी विकत घेतले, ह्याचा बँकेच्या भाषेत एकच अर्थ होतो, आणि ते खातं आम्ही बुडीत धरतो.

नवा डॅक परत गेला. घरातून ह्यापुढे एक रुपया मिळणार नाही, असं सौ.ने त्याच वहीत, आठच्या आकड्याखाली लिहून ठेवलं आहे. त्यामुळे घुं घालवणारी आयसोलेटर नावाची डबीही घ्यायची राहिली. सध्या आमच्याकडे रागांची विभागणी प्रहरावर नसून चार्जरवर आहे. यमन, भूप, दुर्गा ह्यांत पंचम आहे, ते चार्जर लावून ऐकतो. मारवा, ललत, चंद्रकंस आणि मालकंस बॅटरीवर. लॅपटॉप जुना आहे, बॅटरी चाळीस मिनिटं टिकते. विलंबित होतं, द्रुत बंदिश सुरू होते, दुसऱ्या तिहाईला पडदा काळा पडतो. ह्या बाबतीत पार्श्वभूमी अगदी कुळकुळीत.

राहता राहिला यमनातला तो चढा पंचम. सौ. अजून त्याच्यावर नाराज आहे. तिला कोणीतरी सांगितलं की १९९०च्या दशकात विजेचा भार वाढला की आपल्या ग्रिडची वारंवारिता एकोणपन्नास हर्ट्झच्याही खाली उतरायची. म्हणजे तेव्हा अधूनमधून हा पंचम अगदी सुरात लागत असणार, आणि आम्ही करंटे तेव्हा कॅसेटवर ऐकत होतो. आता म्हणे व्यवस्था सुधारली आहे आणि पन्नासाच्या आसपासच असते. तरी देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे, संध्याकाळी सात ते नऊ, यमनाच्या वेळेपुरतं, एक हर्ट्झ उतरता आलं तर बघा. मालकंसाचं आमचं आम्ही बघून घेऊ.